गरज देशाची, पैसा घरचा : खाण व वीज कंपन्यांच्या शेअरचा हिशेब



गेल्या महिन्यात इयत्ता नववीच्या वर्गात मी शेकडेवारीचा तास घेत होतो. नफा-तोट्याची उदाहरणे फळ्यावर मांडली होती. तेवढ्यात एका विद्यार्थ्याने हात वर केला आणि विचारले, "सर, पवनचक्क्यांच्या कंपनीचा शेअर एके काळी चारशे रुपयांना होता म्हणे. आता तो शंभरच्याही आत मिळतो. देशाला वीज तर लागणारच आहे. मग आत्ता घेऊन ठेवला तर तो पुन्हा चारशेला जाणारच ना?" वर्गातील बहुतेक मुलांनी माना डोलावल्या. प्रश्न चांगला होता, पण तास संपत आला होता. "याचे उत्तर सविस्तर देईन," असे सांगून मी वर्गाबाहेर पडलो.

त्याच आठवड्यात एक पालक कार्यालयात आले. फीसाठी मुदत हवी होती. ते म्हणाले, "सर, पैसे नाहीत असे नाही. पैसे आहेत, पण शेअरमध्ये अडकलेत. आत्ता विकले तर निम्मेच हाती येतील. कंपनी चांगली आहे, कोळसा कुणाला नको आहे?" त्यांच्याच परवानगीने हे लिहीत आहे, नाव सांगण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्याचा प्रश्न आणि पालकांची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोघांचा युक्तिवाद एकच आहे : देशाला या वस्तूची गरज आहे, म्हणून माझा पैसा वाढणार. या वाक्याचा पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र त्यातून आपोआप निघत नाही. तो का निघत नाही, हे आज पाहू. कोणता शेअर घ्यावा, कोणता विकावा हे सांगणे या लेखाचा हेतू नाही. तो माझा अधिकारही नाही. हा गणिताचा आणि थोडासा भूगोलाचा पाठ आहे, असे समजावे.

शेअर म्हणजे काय?

आधी लहान मुलांसाठी थोडक्यात सांगतो. समजा, आपल्या गल्लीत पिठाची गिरणी काढायची आहे. त्यासाठी १ लाख रुपये लागतात. एकट्याकडे एवढी रक्कम नाही, म्हणून १०० रुपयांचा एक असे १,००० भाग केले आणि ते लोकांनी विकत घेतले. हा एक भाग म्हणजे शेअर. गिरणीला वर्षाअखेर नफा झाला की त्यातील काही हिस्सा भागधारकांना वाटतात, त्याला लाभांश म्हणतात. ज्याला आपला भाग नको असेल तो दुसऱ्याला विकू शकतो. घेणारा जी किंमत द्यायला तयार होतो तो बाजारभाव.

आता असे समजा की गिरणी अजून उभीच राहिलेली नाही. जागा पाहिली आहे, यंत्र सांगितले आहे. पण "या भागात गिरणी नाही, लोकांना पीठ तर लागतेच," असे म्हणून १०० रुपयांचा भाग ४५० रुपयांना विकला जात आहे आणि घेण्यासाठी रांग लागली आहे. पीठ लागते हे खरे आहे. पण ४५० रुपये देणाऱ्याला काय मिळेल, हे पिठाच्या गरजेवर ठरत नाही. गिरणी कधी सुरू होईल, तिच्यावर कर्ज किती, दळणाचा दर कोण ठरवणार आणि आपण भाग किती महाग घेतला, यावर ते ठरते.

आपल्या दारावरून गेलेले लोखंड

हुबळीकरांना खाणीचा धंदा पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आज जे पालक आहेत त्यांना २००५ ते २०१० हा काळ चांगला आठवत असेल. त्या वेळी राष्ट्रीय महामार्ग ६३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावरून बळ्ळारी-होसपेटकडील लोहखनिजाचे ट्रक हुबळीमार्गे यल्लापूर, अंकोल्याकडे रात्रंदिवस जात असत. रस्त्याकडेची झाडे, टपऱ्या, पत्रे सगळे लाल धुळीने माखलेले असे. ते खनिज बेलेकेरी, कारवार आणि गोव्याच्या बंदरांतून मुख्यतः चीनला जात होते. चीनमध्ये २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या आधीपासून रस्ते, पूल, इमारती यांचे काम जोरात चालू होते आणि पोलाद हवे होते.

ते ट्रक पाहून ज्यांना मोह झाला त्यांत मीही होतो. २०१० च्या सुरुवातीला मी एका खाण कंपनीचे शेअर घेतले. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण चूक माझ्या हिशेबाची होती. मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेली रक्कम मी त्यात घातली. माझा विचार सरळ होता : ट्रक मोजून संपत नाहीत, डोंगर अजून शिल्लक आहेत, मग भाव पडेल कसा? कंपनीचा जाडजूड वार्षिक अहवाल टपालाने घरी आला. तो इंग्रजीत होता. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. अहवाल समजत नव्हता आणि कुणाला विचारायचा संकोच वाटला. शाळेतील माणसाला हे समजत नाही, असे लोक म्हणतील अशी भीती होती. अहवाल कपाटावर ठेवून दिला.

पुढे काय घडले ते सर्वांना माहीत आहे. २०१० मध्ये बेलेकेरी बंदरातील जप्त केलेले लाखो टन खनिज गायब झाल्याचे उघडकीस आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात कर्नाटक सरकारने राज्यातील बंदरांतून लोहखनिजाची निर्यात थांबवली. जुलै २०११ मध्ये लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी बेकायदा खाणकामावरील आपला अहवाल सादर केला आणि २९ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारी जिल्ह्यातील खाणकाम बंद केले. पुढच्याच महिन्यात हा आदेश चित्रदुर्ग व तुमकूर जिल्ह्यांनाही लागू झाला. गोव्यात न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. सेसा गोवासारख्या मोठ्या आणि जुन्या कंपनीचे गोव्यातील कामही बंद पडले. २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्चपासून गोव्यातील खाणी पुन्हा थांबल्या.

जगाच्या बाजारातही तसेच झाले. २०११ च्या सुरुवातीला टनाला १८० डॉलरच्या पुढे गेलेले लोहखनिज २०१५ च्या अखेरीस ४० डॉलरच्या खाली आले.

लक्षात घ्या, डोंगरातील लोखंड कुठेही गेले नव्हते. देशाची पोलादाची गरजही कमी झाली नव्हती. न्यायालयाचा निर्णयही चुकीचा नव्हता. जंगल, पाणी आणि शेती यांची जी हानी झाली ती आपण डोळ्यांनी पाहिली आहे. पण जून २०१३ मध्ये मुलीच्या प्रवेशाची तारीख आली तेव्हा माझ्या शेअरची किंमत एक तृतीयांशही राहिली नव्हती. ते विकले आणि उरलेल्या रकमेसाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. प्रवेश झाला, मुलगी शिकली. परंतु ते कर्ज फेडायला चार वर्षे लागली. महाविद्यालयाची तारीख बाजाराच्या तेजीसाठी थांबत नाही, हे मी त्या वेळी शिकलो.

कर्नाटकातीलच आणखी एक उदाहरण आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. तेथील सोने संपले होते असे नाही, परंतु तीन किलोमीटरहून अधिक खोल जाऊन ते काढण्याचा खर्च मिळणाऱ्या किमतीपेक्षा जास्त झाला होता. जमिनीत वस्तू असणे आणि ती फायद्यात बाहेर काढणे यांत फार अंतर आहे.

विजेच्या शेअरची रांग

आता विजेकडे वळू. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवर या कंपनीने पहिल्यांदा शेअर विक्रीस काढले. १५ ते १८ जानेवारी अशी मुदत होती. पहिल्या काही मिनिटांतच पुरेशी मागणी आली आणि शेवटी ती सुमारे ७३ पट झाली. लक्षावधी सामान्य लोकांनी अर्ज केले, अनेकांनी त्यासाठीच नवीन डिमॅट खाती उघडली. कंपनीने सुमारे ११,५०० कोटी रुपये उभे केले. त्या वेळी या कंपनीचे एकही वीज केंद्र चालू नव्हते. जे होते ते आराखडे होते.

भाव ४५० रुपये होता, लहान गुंतवणूकदारांना २० रुपयांची सूट देऊन ४३०. विक्रीची मुदत संपल्यावर तीनच दिवसांनी, २१ जानेवारीला, बाजार कोसळला. ११ फेब्रुवारी २००८ रोजी हा शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३७२.५० रुपयांवर बंद झाला. लोकांची नाराजी पाहून कंपनीने दर ५ शेअरमागे ३ शेअर बक्षीस दिले.

आता हा हिशेब वहीत मांडा. समजा एखाद्याला १५ शेअर मिळाले. त्याने दिले १५ × ४३० = ६,४५० रुपये. बक्षिसाचे ९ शेअर मिळून झाले २४. मार्च २०२० मध्ये भाव २ रुपयांच्याही खाली होता. २ रुपये धरले तरी २४ × २ = ४८ रुपये. सहा हजार चारशे पन्नासचे अठ्ठेचाळीस! पुढे २०२५ मध्ये भाव चढून ७० रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा ज्यांनी दोन रुपयांना घेतले होते त्यांची चांदी झाली. पण आपल्या मूळ माणसाचे काय? २४ × ७० = १,६८० रुपये. सतरा वर्षांनंतरही मुद्दल परत नाही.

याचा अर्थ वीज केंद्रे झालीच नाहीत असा नाही. उत्तर प्रदेशातील रोझाचे केंद्र २०१० मध्ये सुरू झाले. मध्य प्रदेशातील सासनचे ३,९६० मेगावॅटचे प्रचंड केंद्रही उभे राहिले आणि वीज देऊ लागले. पण दादरीच्या प्रकल्पाला वायू मिळाला नाही. आंध्रातील कृष्णपट्टणम प्रकल्प इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलल्यावर अडला. झारखंडमधील तिलैया प्रकल्प जमिनीच्या प्रश्नामुळे कंपनीने सोडून दिला. विजेची गरज होती, पण ती भागवण्याच्या वाटेवर वायू, कोळसा, जमीन आणि कर्ज या अडचणी उभ्या होत्या. अर्ज भरताना आपल्यापैकी किती जणांनी त्या पाहिल्या?

पवनचक्कीच्या प्रश्नाचे उत्तर

आता नववीच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. गदगकडे जाताना कप्पतगुड्डाच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. आपल्या सातारा जिल्ह्यात वनकुसवडे पठारावरही त्या आहेत. अशी यंत्रे बनवणारी सुझलॉन ही पुण्याची कंपनी तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुरू केली. २००५ मध्ये तिचा शेअर ५१० रुपयांना विक्रीस आला. २००८ मध्ये प्रत्येक शेअरचे पाच भाग करण्यात आले. ही विभागणी लक्षात घेऊन त्या जानेवारीतील भाव ४०० रुपयांच्या वर होता. त्या विद्यार्थ्याने ऐकलेला चारशे तो हाच.

कंपनीने २००६ मध्ये बेल्जियमची हान्सेन आणि २००७ मध्ये जर्मनीची रीपॉवर या कंपन्या मोठे कर्ज काढून घेतल्या. नंतर जगभर मंदी आली, मागणी कमी झाली, कर्ज मात्र तसेच राहिले. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनी परदेशी रोख्यांची रक्कम वेळेवर परत करू शकली नाही. २०१५ मध्ये जर्मन कंपनी विकावी लागली. मार्च २०२० मध्ये सुझलॉनचा भाव ३ रुपयांच्या खाली होता. कर्ज फेडण्यासाठी कंपनीने वेळोवेळी नवे शेअर काढले. २०२२ मध्ये जुन्या भागधारकांना ५ रुपयांनी हक्काचे शेअर देण्यात आले. नंतर कंपनी सावरली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ८० रुपयांच्या वर गेला.

आता पाहा. २००८ मध्ये या कंपनीचे सुमारे १५० कोटी शेअर होते. २०२४ मध्ये ते १,३०० कोटींहून अधिक झाले. भाकरी तीच, पण तुकडे नऊपट. चारशे रुपयांचा भाव असताना संपूर्ण कंपनीची किंमत होती १५० कोटी × ४०० = ६०,००० कोटी रुपये. आता १,३५० कोटी शेअर धरले, तर ४५ रुपये भावालाच पूर्ण कंपनीची किंमत ६०,७५० कोटी रुपये होते. म्हणजे शेअर ४५ रुपयांना असतानाच तो जुन्या चारशेच्या बरोबरीला आलेला असतो! तो पुन्हा चारशेला जायचा असेल तर कंपनीची किंमत ५ लाख ४० हजार कोटी रुपये, म्हणजे जुन्या शिखराच्या नऊपट व्हावी लागेल. तसे कधी होणार नाही असे मी म्हणत नाही. पण "पूर्वी चारशेला होता, आता शंभरच्या आत आहे, म्हणून स्वस्त आहे" हे वाक्य गणितात टिकत नाही.

ज्याने २००५ मध्ये ५१० रुपयांना एक शेअर घेतला आणि जपून ठेवला त्याचे पाच शेअर झाले. २०२० मध्ये त्यांची किंमत १५ रुपयांहून कमी होती. २०२४ मध्ये ८५ रुपये भाव धरला तरी ४२५ रुपये. त्याच ५१० रुपयांवर बँकेत वर्षाला ७ टक्के चक्रवाढ व्याज मिळाले असते तर एकोणीस वर्षांत साधारण १,८४० रुपये झाले असते. देशात या काळात पवनचक्क्या वाढतच गेल्या, हेही लक्षात ठेवा.

दुसरी बाजू

फक्त नुकसानीची उदाहरणे दिली तर तो पाठ अपुरा राहील. ऑक्टोबर २०१० मध्ये कोल इंडिया या सरकारी कंपनीचे शेअर २४५ रुपयांना विकले गेले, लहान गुंतवणूकदारांना ५ टक्के सूट होती, म्हणजे २३२.७५ रुपये. ही कंपनी कागदावरची नव्हती. चंद्रपूर, वणी भागातील कोळसा काढणारी नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स ही तिचीच उपकंपनी. खाणी चालू होत्या, नफा होत होता. कंपनीने लाभांशही भरघोस दिला. जानेवारी २०१४ मध्ये एकाच वेळी शेअरमागे २९ रुपये दिले.

तरीही २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हा शेअर १२० रुपयांच्या खाली होता. दहा वर्षांनी निम्मा! आणि २०२४ मध्ये तोच ५०० रुपयांच्या वर गेला. ज्याला थांबणे परवडले त्याचे भले झाले. ज्याला २०२० मध्ये दवाखान्यासाठी किंवा फीसाठी पैसे लागले, त्याने चांगल्या कंपनीतही मुद्दल गमावले, लाभांशाने थोडीफार भर निघाली एवढेच. दोघांनी घेतलेला शेअर एक, भाव एक, दिवसही एक. फरक होता तो फक्त पैशाची गरज कधी पडली याचा. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे.

गरज आणि नफा यांच्यामध्ये काय असते?

वरील सर्व उदाहरणांतून पाच गोष्टी निघतात. त्या मुलांनी वहीत लिहून घ्याव्यात.

१. आपण दिलेला भाव. वस्तू चांगली असूनही महाग घेतली तर तोटा होतो. हे आपल्या आया दुर्गदबैलच्या बाजारात रोज सिद्ध करतात. भाजीचा भाव चार ठिकाणी विचारणारे आपण शेअरचा भाव मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मान्य करतो.

२. कर्ज. खाण आणि वीज या धंद्यांत आधी हजारो कोटी खर्च करावे लागतात, उत्पन्न मागाहून येते. मधल्या काळात व्याज थांबत नाही. नफा झालाच तर आधी बँक, मग भागधारक.

३. परवाना आणि न्यायालय. जमिनीखालचे खनिज कंपनीच्या मालकीचे नसते, ते ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने काढायला मिळते. विजेच्या दरावर सरकारी आयोगाचे नियंत्रण असते. एका आदेशाने सगळे चित्र बदलू शकते.

४. जगाचा बाजार. बळ्ळारीच्या खनिजाचा भाव चीनमध्ये आणि आंध्रातील केंद्राच्या कोळशाचा भाव इंडोनेशियात ठरला. आपल्या डोळ्यांना ट्रक दिसतात, भाव दिसत नाही.

५. शेअरची संख्या. जुना भाव आठवताना जुन्या काळातील शेअरची संख्याही आठवावी, नाहीतर तुलना चुकीची होते.

आता शेकडेवारीचा एक नियम सांगतो. १०० चा शेअर ५० झाला तर घट ५० टक्के. पण ५० चे पुन्हा १०० होण्यासाठी वाढ लागते १०० टक्के. १०० चे १० झाले तर घट ९० टक्के, भरून काढण्यासाठी वाढ ९०० टक्के. घसरण्यापेक्षा चढणे नेहमीच कठीण असते. "भाव पडला आहे, अजून घेऊन सरासरी कमी करू," असे म्हणणाऱ्यांनी हा नियम घरातील भिंतीवर लावावा.

पालकांसाठी चार शब्द

शेअर बाजार म्हणजे जुगार, असे मी म्हणणार नाही. रेल्वे, कारखाने, वीज केंद्रे लोकांच्या भांडवलावरच उभी राहतात आणि धीर धरणाऱ्यांना त्याचे फळही मिळते. पण घरातील पैशाचे तीन भाग करावेत, अशी माझी विनंती आहे.

पहिला भाग, ज्या पैशाला तारीख आहे तो : फी, प्रवेश, लग्न, घराचा हप्ता. येत्या पाच वर्षांत लागणारा हा पैसा शेअरमध्ये कधीही घालू नये. त्याची जागा बँकेत, पोस्टात. मुलींसाठी २०१५ पासून सुकन्या समृद्धी खाते आहे, पण त्यातील पैसे शिक्षणासाठी कधी आणि किती काढता येतात हे आधी नीट समजून घ्यावे. बँकेतही एकाच ठिकाणी सर्व रक्कम ठेवू नये. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा नसतो, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरा भाग, अचानक लागणारा : आजारपण, नोकरीतील अडचण. निदान सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा.

तिसरा भाग, हे दोन्ही बाजूला काढल्यावर उरणारा. यातून शेअर घ्यायचे तर जरूर घ्यावेत. पण एकाच कंपनीत नको, एकाच धंद्यात नको आणि कर्ज काढून तर मुळीच नको. घेण्यापूर्वी पाच ओळींत लिहावे : कंपनी काय करते, नफा किती, कर्ज किती, शेअर किती आणि मी हा भाव का देत आहे. या पाच ओळी लिहिता आल्या नाहीत तर तो शेअर आपल्यासाठी नाही. इंग्रजी समजत नसेल तर विचारावे. मी विचारले नाही, त्याची किंमत मोजली. न समजणे ही लाजेची गोष्ट नाही, न समजता पैसे देणे ही आहे.

मोबाइलवर येणाऱ्या "अमुक शेअर दुप्पट होणार" अशा निरोपांबद्दल एवढेच सांगतो : दुप्पट होणार याची ज्याला खात्री आहे तो अनोळखी माणसाला सांगत बसत नाही.

ज्या पालकांचा उल्लेख सुरुवातीला केला, त्यांच्या पाल्याची फी हप्त्याने घेण्याचे ठरले आहे. मुलाचा वर्ग एक दिवसही चुकलेला नाही. अशी अडचण आणखी कुणाची असेल तर संकोच न करता भेटावे. विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की दिवाळीनंतरच्या पालक सभेत घरगुती हिशेब या विषयासाठी एक तास द्यावा. आपल्या समाजात बँकेत आणि विमा कंपनीत आयुष्य घालवलेले कितीतरी ज्येष्ठ आहेत, त्यांच्या अनुभवाचा लाभ सर्वांना होईल.

स्वाध्याय (इयत्ता आठवी ते दहावी)

१. एका शेअरचा भाव २५० रुपयांवरून १०० रुपये झाला. घट किती टक्के? पुन्हा २५० होण्यासाठी किती टक्के वाढ लागेल?

२. एका कंपनीचे २० कोटी शेअर आहेत व भाव ९० रुपये आहे. कंपनीने आणखी ४० कोटी शेअर काढले. कंपनीची एकूण किंमत तेवढीच राहिली तर एका शेअरचा भाव किती होईल?

३. २३२.७५ रुपयांच्या शेअरवर एका वर्षी २९ रुपये लाभांश मिळाला. हा परतावा शेकडा किती?

४. नकाशात बळ्ळारी, होसपेट, गदग, हुबळी, यल्लापूर, अंकोला व बेलेकेरी दाखवा. या मार्गावरील खनिज वाहतूक थांबल्यावर कोणाकोणाच्या रोजगारावर परिणाम झाला असेल, याविषयी घरातील मोठ्या माणसांशी बोलून दहा ओळी लिहा.

५. "देशाला विजेची गरज आहे, म्हणून वीज कंपनीचा शेअर वाढणारच." हे विधान बरोबर की चूक, ते कारणांसह लिहा.

उत्तरे वहीत लिहून पुढील सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पाचव्या प्रश्नाचे उत्तर घरी आई-वडिलांनाही वाचून दाखवावे. ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे हा पाठ लिहिला गेला त्याचे मी मनापासून कौतुक करतो. वर्गातील माना डोलत असताना त्याने प्रश्न विचारला. ही सवय त्याने आयुष्यभर जपावी.



– मुख्याध्यापक
देशपांडे नगर, हुबळी